आण्णांच्या उशाशी रस्ता

कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २००५

वहिनी,

पाया पडतो. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं. तुमच्या गावातल्या बूथवर मागं दहा माणसं कान लावून उभी असतात, म्हणून पत्र लिहितो आहे.

सड्यावर वारा मोजायचा खांब दोन वर्षं उभा होता, त्याचा निकाल आला. वारा चांगला आहे. आमची कंपनी कातळेवाडीच्या सड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभारणार आहे आणि रस्त्यांचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं आहे. आपल्याच गावात काम करायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकेक पातं एवढं लांब की आपल्या दारात ठेवलं तर टोक मठाच्या पायरीला लागेल. ती पाती न्यायला रुंद आणि कमी वळणांचा रस्ता लागतो.

रस्ता आपल्या जमिनीतूनच जाणार. दोन वाटा निघतात. एक वरून, कातळावरून, आपल्या वरच्या शेताच्या बांधाला लागून. आण्णांची समाधी तिथेच आहे. रस्त्याची कड समाधीच्या कट्ट्यापासून चार-पाच पावलांवर येईल. दुसरी वाट खालून, पाणथळीवरून. ती जागा सपाट आहे, मुरूम पसरला की काम झालं. वरचा कातळ फोडावा लागेल, पण तेही होण्यासारखं आहे. साहेब म्हणाले, जमीन तुमच्या घरची, तुम्हीच सांगा.

जमीन तुमच्या आणि माझ्या नावावर आहे, पण आण्णांच्या मागे शब्द तुमचाच. विचार करून कळवा. दानेश्वरीचा नमस्कार.

तुमचा
महांतेश

—

कातळेवाडी
२२ फेब्रुवारी २००५

महांतेश,

पत्र मिळालं. पहिली गोष्ट, पाकिटावर माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नकोस. नुसतं रत्नव्वा लिहिलं तरी पोस्टमन बरोबर आणून देतो. माझा नवरा गेला हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.

पवनचक्क्या येऊ देत. माझी ना नाही. रोज आठ-आठ तास वीज जाते, पिठाची गिरणी बंद, मोटर बंद, आणि मला संध्याकाळी वाचायला मिळत नाही. सरपंच आकाराम पारावर सांगत सुटलाय, "आता आपल्या गावाला चोवीस तास लाईट! वारा आपला, लाईट आपली!" मी म्हटलं, "आकाराम, ती वीज आधी सबस्टेशनला जाती, मग कुठं कुठं जाती. तुझ्या घरातल्या बल्बाला पवनचक्कीची वायर जोडणार न्हाईत." तर म्हणतो, "काकी, तुम्ही पेपर वाचता म्हणून आमची मजा घालवता." पण वीज कुणाच्या का घरात जाईना, कोळसा न जाळता होते हे चांगलंच आहे.

रस्त्याचं म्हणशील तर वरचा कर. बांधाकडचा. पाणथळीला हात लावू नका. ती दिसते तशी नाही. पावसाळ्यात सगळ्या सड्याचं पाणी तिथं येऊन थांबतं, मुरतं आणि मग खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. गौरी-गणपतीच्या सुमाराला तिथं इतकी फुलं येतात की कातळ दिसत नाही. तेरडा आणि गेंद तर असतोच, पण नखाएवढी निळी फुलं येतात, आम्ही त्यांना सीतेची आसवं म्हणतो. एक चिकट झुडूप आहे बोटाएवढं, ते माशा खातं. मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला पटलं, त्याआधी मला वाटायचं आपल्यालाच भास होतो. मुरूम पडला की हे सगळं मेलं. वरच्या कातळावर तसं काही नाही. रस्ता तिथूनच ने.

तू माझी काळजी करू नकोस. मला काही अडचण नाही.

रत्नव्वा

—

कोल्हापूर
१९ मार्च २००५

वहिनी,

तुमचं पत्र दानेश्वरीला वाचून दाखवलं. वाचता वाचता हसू आलं.

'मला काही अडचण नाही.' वहिनी, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. भाकरी करपली की तुम्ही ती स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि म्हणायच्या, मला अशीच आवडते. आण्णांनी लुगडं आणलं की म्हणायच्या, मला कशाला, माझी दोन आहेत की. तुम्ही 'वरचा कर' लिहिलंत तेव्हाच मी ओळखलं. माझ्या नोकरीत अडथळा नको, कंपनीत माझा शब्द खाली पडायला नको, म्हणून तुम्ही आण्णांच्या उशाशी ट्रक जाऊ द्यायला तयार झालात. आणि मला वाईट वाटू नये म्हणून फुलांचं आणि पाण्याचं कारण काढलंत.

पण मी एवढा कोडगा नाही. दर सोमवारी तुम्ही तिथं जाऊन बसता हे मला माहीत आहे. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं की वरचा रस्ता होणार नाही, तिथं माझा भाऊ आहे. साहेबांनीही ऐकलं. खालची वाट मंजूर झाली आहे. पाडव्यानंतर मुरूम पडायला लागेल. आखणी करणारी माणसं या आठवड्यात येतील.

मी स्वतः जाऊन पाणथळ पाहून आलो. घाईत होतो, घरी येता आलं नाही, रागावू नका. भेगाळलेला चिखल आणि काळे पापुद्रे, बाकी काही नाही. विहिरीच्या पाण्यासाठी एखादा पाइप टाकून देऊ.

आण्णांना आता कुणाचा त्रास नाही. निश्चिंत राहा.

तुमचा
महांतेश

—

कातळेवाडी
२६ मार्च २००५

महांतेश,

मी लिहिलं तेच मला म्हणायचं होतं.

करपलेली भाकरी मला खरंच आवडते. अजूनही मुद्दाम एक करपवते. तुझे आण्णा गेले तेव्हापासून घरात मी एकटी खाणारी, आता कुणासाठी नाटक करू? लुगड्याचं मात्र तू बरोबर बोललास, ते खोटं होतं. पण लुगडं वेगळं आणि रस्ता वेगळा.

तू दहा वर्षांचा असताना तुला कोल्हापूरच्या बोर्डिंगात घातलं. तू घरी यायचास दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीला पाणथळ पिवळी पडलेली असते, मे महिन्यात मेलेली. भर पावसात तू ती पाहिलीच नाहीस. हा तुझा दोष नाही, शाळेच्या सुट्टीचा आहे. पण न पाहिलेल्या जागेबद्दल मी सांगते ते खरं धरायचं की माझ्या मनात काय असेल ते ओळखत बसायचं?

काल आखणीची माणसं आली. पाणथळीच्या मधोमध चुन्याची फक्की मारून गेली. मी त्यांना ताक दिलं आणि विचारलं, काम कधी? त्यातला एक म्हणाला, "मावशी, पाडवा झाला की डंपर येतील." मी चुना पुसला नाही. पुसून काय होणार, दुसऱ्या दिवशी परत मारतील. रस्ता तुझ्या कागदावर बदलायला हवा.

यासोबत नाही, पण उद्या सकाळच्या कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरकडे ॲल्युमिनियमचा डबा देते आहे. त्यात पाणथळीतला सुका चिखल आहे. दानेश्वरीला सांग, पसरट परातीत पसर, वर बोटभर पाणी घाल. नळाचं नको, त्याला औषधाचा वास असतो, आडाचं घाल. गच्चीवर ठेव आणि धक्का लावू नकोस. मला वाटतं तेरडा उगवेल. काय उगवेल ते बघ, आणि मग मला सांग की तिथं काही नाही.

रत्नव्वा

—

कोल्हापूर
८ एप्रिल २००५

वहिनी,

रागावलात ते कळलं. तुमचं पत्र वाचून दोन दिवस मीही रागावलो होतो. एवढं साहेबांशी भांडलो ते कुणासाठी, असं वाटत होतं. दानेश्वरी म्हणाली, "तुम्ही वहिनींसाठी भांडलात, पण वहिनींना विचारून न्हाई भांडलात." मग मी तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

परातीचं सांगतो. तेरडा उगवला नाही. आठवडाभर नुसतं गढूळ पाणी. मी फेकून देणार होतो. दानेश्वरीनं धुणं वाळत घालताना वाकून पाहिलं आणि ओरडली, "अहो, हे हलतंय की!"

पांढरे, काचेसारखे, दोऱ्याच्या तुकड्याएवढे जीव. पाठीवर उलटे पोहत होते. पाय वर, शेकड्यानं पाय, सगळे एका लयीत हलत होते. आमच्या वरच्या मजल्यावर इरावतीबाई राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना बोलावलं. त्या परातीपुढं मांडी घालून बसल्या त्या उठेचनात. म्हणाल्या, ही कोळंबीची लांबची नातलग. यांची अंडी सुक्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात, ऊन खातात, तरी मरत नाहीत. पाणी आलं की घाईघाईनं जगून घेतात, अंडी घालतात, आणि पाणी आटलं की संपतात. सड्यावरच्या अशा डबक्यांत काय काय आहे हे अजून कुणी नीट मोजलेलं नाही. मुरूम टाकला तर काय होईल विचारलं. त्या म्हणाल्या, मग पाणी आलं तरी कळणार कुणाला?

वहिनी, मी त्या चिखलावरून बूट घालून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी परात घेऊन ऑफिसात गेलो. शिपाई म्हणाला, प्रसाद आहे का? साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "महांतेश, तीन आठवड्यांपूर्वी तूच म्हणालास वर नको. आता म्हणतोस खाली नको. रस्ता काय हवेतनं नेऊ?" मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की कातळ फोडायला त्यांची हरकत नाही, पण समाधीजवळ पोकलेन लागला की गावात मोर्चा निघतो, हे त्यांनी दुसरीकडे भोगलं आहे. तुमची आणि गावाची लेखी संमती हवी. ती महिनाअखेरपर्यंत आली नाही तर खालचं काम सुरू. डंपर तोवर थांबवले आहेत.

आता मी ओळखत बसणार नाही, विचारतो. आण्णांच्या जवळून रस्ता गेलेला तुम्हाला खरंच चालेल का? चालणार नसेल तर तसं लिहा. मी नोकरीचं बघून घेईन.

महांतेश

—

कातळेवाडी
१८ एप्रिल २००५

महांतेश,

विचारलंस ते बरं केलंस. आता खरं सांगते.

चालणार नाही. मला तो रस्ता तिथं नको आहे. तुझं अर्धं बरोबर होतं.

मी सोमवारी तिथं जाते ते नुसती बसायला नाही. तुला माहीत आहे, तुझ्या आण्णांना वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. मी शिकले बियाण्याच्या पिशव्यांवरून आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवरून. मग मी वाचायची आणि ते ऐकायचे. आठवड्याचे पेपर मी सोमवारी कट्ट्यावर घेऊन जाते आणि वाचते. मोठ्यानं वाचते. तिथं वाऱ्याशिवाय काही नसतं. चार वर्षं झाली, पण तेवढी सवय सुटली नाही, आणि मी सोडणारही नाही. तिथं ट्रक जायला लागला की मला वाईट वाटेल, हे मी लपवत नाही.

पण मला वाईट वाटणं आणि पाणथळ मरणं या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. मी ट्रक गेल्यावर वाक्य परत वाचू शकते. म्हणून लिहिते, रस्ता वरूनच ने. हे मी स्वतःहून देते आहे. माझ्याकडून कुणी घेतलं असं वाटून घेऊ नकोस.

परातीतल्या जिवांबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं त्या पाण्यातून चालले, पायाला गुदगुल्या व्हायच्या, मला वाटायचं गवत आहे. तू लिहिल्यावर मी पण इथं परातीत चिखल घातला आहे.

काल मठात गाव बसलं होतं. बायडाबाई, तुझ्या वर्गातल्या वीरेशची आई, ती आधी उठली. "काय गं रत्नव्वा, नवऱ्याच्या उशाला ट्रक घालतीस व्हय? झोप तरी लागू दे की त्यांना!"

मी म्हटलं, "जित्तेपणी दारातनं उसाचे ट्रॅक्टर जात हुते, तवा घोरतच हुते की! माझीच झोप मोडायची."

सगळे हसले. ती नाही हसली. आकाराम म्हणाला, "पर काकी, खाली पाणथळीत हाय काय? चिखुल अन् बेडकं. त्यापरास रस्ता खालनंच जाऊ दे की. कातळ फोडण्यात दोन महिने जातील."

तेव्हा खालच्या वाडीची धोंडुबाई बोलली. ती कधी बोलत नाही. "बेडकं हाईत म्हणून आमच्या हिरीला पाणी हाय. हीर आटली तर घागर घेऊन तुझ्या दारात येऊ का, सरपंच? रोज येऊ?"

आकाराम खाली बसला. शेवटी सगळे मठाच्या स्वामींकडे बघायला लागले. स्वामी म्हणाले, "ज्यांची समाधी, त्यांच्या घरधनिणीनं दिलंय. कट्ट्याला हात लागू नये. बाकी आपण कोण?" मग अंगठे आणि सह्या झाल्या. बायडाबाईनं पण केली. वर म्हणाली, "तुझ्या हट्टाला केली गं, बेडकांना न्हाई."

संमतीपत्र सोबत आहे. पण मी खाली माझ्या हातानं काही लिहिलं आहे, ते साहेबांना वाचायला लाव. वरच्या रस्त्याखालूनही पावसाचं पाणी पाणथळीकडे येतं, त्याला जागोजागी मोऱ्या ठेवा, नाहीतर रस्ता वर असूनही पाणथळ कोरडी पडेल. कातळ फोडून निघेल तोच दगड भरावाला वापरा. नदीकाठचा मुरूम आणू नका, त्यात गाजर गवताचं बी असतं, ते एकदा सड्यावर आलं की आमच्या नातवंडांनाही निघणार नाही. आणि मे महिन्यात टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. ती दगडासारखीच दिसतात. पोकलेनवाल्याला सांग, टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की मशीन थांबव आणि खाली बघ.

इरावतीबाईंना पावसात इकडे पाठव. माझ्याकडे राहतील. करपलेली भाकरी खाऊ घालणार नाही असं सांग.

रत्नव्वा

—

कोल्हापूर
३ जून २००५

वहिनी,

काम पावसाच्या आत उरकलं. तुम्ही महिनाभर माहेरी आहात म्हणून कामाची हकिगत लिहितो.

मोऱ्या तुम्ही लिहिल्या त्याहून दोन जास्त टाकल्या, साहेबांनीच सांगितलं. टिटवीची अंडी तीन ठिकाणी सापडली. पोकलेनवाला बिहारचा आहे. पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा हसला, पण अंडी दिसली तेव्हा स्वतःच भोवती दगडांचं कुंपण केलं आणि मशीन लांबून वळवून नेलं. पुढं तर टिटवी ओरडली की हाच आधी खाली उतरायचा. एका ठिकाणची अंडी तरीही कुत्र्यांनी खाल्ली. त्यानं उरलेल्या दोन कुंपणांवर आणखी दगड रचले.

समाधीजवळ कातळ फोडताना मी स्वतः उभा राहिलो. तरी एक गोष्ट झाली. मशीनच्या हादऱ्यानं कट्ट्याचा कोपऱ्यातला दगड तडकला. पडला नाही, पण तडा वरपासून खालपर्यंत गेला आहे. गवंडी बोलावून बदलून घेता आला असता. मला धीर झाला नाही. मी तुम्हाला फोनवर शब्द दिला होता की कट्ट्याला हात लागणार नाही. तुम्ही घरी परतल्यावर तो तुम्हाला दिसणार, म्हणून आधी मीच सांगतो.

जुलैपासून मला धुळ्याकडच्या कामावर पाठवत आहेत. पवनचक्क्या दिवाळीनंतर उभ्या राहतील तेव्हा मी तिथं नसेन.

महांतेश

—

कातळेवाडी
४ सप्टेंबर २००६

महांतेश,

तुझं धुळ्याहून आलेलं पत्र मिळालं. तिथंही सड्यासारखं पठार आहे आणि तू साहेबांना सांगितलंस की आधी एक पावसाळा बघू, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस, दोन पावसाळे झाले, इकडे काय चाललंय. फोनवर तू नुसतं "सगळं ठीक ना?" विचारतोस आणि मी "ठीक" म्हणते. म्हणून लिहिते.

गेल्या साली महापुरात आठ दिवस पोस्ट बंद होतं, तेव्हा एक मोरी पालापाचोळ्यानं तुंबली आणि पाणी रस्त्यावरून निघालं. आकाराम टिकाव घेऊन पहिला धावला. आता तो पाहुण्यांना पाणथळ दाखवायला नेतो आणि सांगतो की ही आम्ही वाचवली. सांगू दे.

इरावतीबाई दोन्ही वर्षं येऊन राहिल्या. दिवसभर पाणथळीत ओणव्या असतात. त्यांना तिथं तुझ्या परातीतल्यासारख्या दोन जाती मिळाल्या, आणि एक गवत, ज्याचं नाव त्यांनाही ठाऊक नाही. मी विचारलं, "मग काय लिहिता?" म्हणाल्या, "प्रश्नचिन्ह." मला ते आवडलं. खालच्या वाडीच्या विहिरीला यंदा पावसाचं पाणी लवकर चढलं. सगळं चांगलंच आहे असं नाही. एवढी ताकीद देऊनही रस्त्याच्या कडेला गाजर गवत आलंच, ट्रकच्या चाकांतून आलं असणार. फुलावर यायच्या आत आम्ही बायका ते उपटतो. आणि हिवाळ्यात एका चक्कीखाली भोवत्या पक्षी मरून पडलेला मिळाला, पंख तुटलेला. इरावतीबाईंनी कंपनीला लिहिलं, उत्तर नाही. मग मी लिहिलं. मला उत्तर आलं. पुढच्या महिन्यात माणसं येणार आहेत, शिकारी पक्षी सड्यावर कुठून कसे फिरतात ते बघायला. आणखी चक्क्या उभारायच्या आहेत, त्या जागा त्यानंतर ठरवू म्हणतात. ठरवतीलच. नाही ठरवल्या तर मी परत लिहीन.

तडकलेला दगड मी बदलला नाही. त्या तड्यात या पावसात तेरडा उगवला आहे, पण त्यावर तू कविता करू नकोस, तेरडा कुठंही उगवतो.

आता उशाशी रस्ता गेल्याचं सांगते. पाती घेऊन येणारे लांब ट्रक बांधाच्या वळणावर एकदम सावकाश होतात. पहिल्याच आठवड्यात एका सरदारजी ड्रायव्हरनं कट्टा पाहिला, त्याला वाटलं घाटातलं देवस्थान आहे. उतरला, नारळ ठेवला, हात जोडले आणि पाती नीट वर गेली. मग त्याच्या मागच्यानंही ठेवला. आता चक्क्या उभ्या राहिल्या तरी दुरुस्तीच्या गाड्या येतात, तेही ठेवतात. हॉर्न वाजवतात, सलाम करतात, कुणी उदबत्ती लावतं. सोमवारी मी पेपर वाचत बसलेली असते तर मला पुजारीण समजून पाया पडतात आणि विचारतात, "माई, बाबा नवसाला पावतो का?"

मी काय सांगणार? म्हणते, "ते कुणाचं ऐकत नव्हते, पण गाडी हळू चालवणाऱ्याचं ऐकतात."

तेव्हापासून या वळणावर एकही गाडी घसरलेली नाही. घरात इतके नारळ साठले आहेत की धोंडुबाई आणि बायडाबाई दोघी येऊन घेऊन जातात, तरी संपत नाहीत. तुझ्या आण्णांना ओल्या खोबऱ्याची चटणी अजिबात आवडत नसे. मला आवडते. रोज करते आहे.

रत्नव्वा